न पाठवलेला पेशंट

ब्युनोस आयर्समधल्या गुएमेस चौकाच्या आसपास मनावर उपचार करणारे इतके आहेत की लोक त्या भागाला गमतीनं फ्रॉइडवाडी म्हणतात. तिथल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, नोएमी गार्बेर आणि तेल्मा बेर्तोलिनी या दोघींनी मिळून फ्लॅट घेतला तेव्हा दोघी नुकत्याच तिशीत आल्या होत्या. विद्यापीठात एकाच बाकावर बसलेल्या, एकाच गुरूकडे मनोविश्लेषण शिकलेल्या. दोन खोल्या, मधे भिंत, मागे चिंचोळं स्वयंपाकघर. डाव्या खोलीत पेशंटनं आडवं पडून बोलायचा नोएमीचा कोच, उजव्या खोलीत तेल्माचा. पेशंट गेले की दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून एकाच तुंब्यातून आळीपाळीनं, नळीनं, येर्बा या पाल्याचा कडू चहा ओढायच्या. नोएमी काटकुळी, म्हणून तेल्मा तिला 'बारके' म्हणायची. तेल्मा अंगानं भरलेली, म्हणून नोएमी तिला 'जाडे' म्हणायची.

मग तेल्मानं धर्म बदलला. हा शब्द नोएमीचा. तेल्माकडे कुत्र्यांना घाबरणारा एक शिक्षक यायचा. बोलून बोलून त्याला आपल्या भीतीची सगळी मुळं सापडली, पण कोपऱ्यावर एखादं मरतुकडं कुत्रं दिसलं तरी तो रस्ता बदलायचाच. तेल्मा अस्वस्थ झाली. संध्याकाळचे वर्ग करून ती वर्तनोपचार शिकली. ज्याची भीती वाटते त्याच्या थोडं थोडं जवळ जायचं, पळायचं नाही, भीती ओसरेपर्यंत थांबायचं. तिनं कोच विकून टाकला आणि खोलीत टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. पेशंटला घेऊन ती चक्क बाहेर पडायची. कधी भुयारी रेल्वेत, कधी कबुतरांनी भरलेल्या चौकात.

त्या वर्षी मानसोपचारकांच्या संघाच्या सभेत तेल्मा उभी राहिली. म्हणाली, "आपण पेशंटला कळवतो. पण त्याला कळतं पण वळत नाही, त्याचं काय करायचं? मला वळवायचंय."

नोएमी जागेवरूनच बोलली. "वळवायची ती गुरं, तेल्मा. माणसांचं ऐकून घ्यायचं असतं."

सभागृहात हशा पिकला. आपलं वाक्य इतकं जमून जाईल असं नोएमीलाही वाटलं नव्हतं. तेल्मा खाली बसली, पर्स मांडीवर घेतली आणि सभा संपेपर्यंत तशीच बसून राहिली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. फ्लॅट मात्र कुणीच सोडला नाही. चहाचे तुंबे दोन झाले. एकीची चाहूल लागली की दुसरी स्वयंपाकघरातून निघून जायची, आणि नळ गळतो की बल्ब गेला, असले निरोप इमारतीचा राखणदार बाल्बिनो याच्यामार्फत जायचे.

अमादेओ पगानी नोएमीकडे आला तो त्यानंतर. बोएदो भागात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. मृदू बोलणारा, टापटीप माणूस. पण त्याला शहराशेजारची रुंद नदी ओलांडता येत नव्हती. त्याची मुलगी सिल्विना शिकायला म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावर, मोंतेविदेओला गेली आणि तिथलीच झाली होती. सकाळी बोटीत बसावं आणि दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच अंतर. पण धक्क्यावर गेलं की अमादेओचे हातपाय गार पडायचे, छाती आवळायची. विमानाचं नाव काढायची सोय नव्हती, आणि वरच्या अंगाला नदीवर पूल होते तेही त्याला चालत नव्हते.

नोएमीनं त्याच्यावर मनापासून काम केलं. दोन-तीन वर्षांनी कोचावर पडल्या पडल्या त्याला आठवलं, की त्याचा बाप जेनोआहून जहाजानं इथं आला तेव्हा मागे एक बायको आणि मुलगा सोडून आला होता. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. नोएमी म्हणाली, "ज्यानं पाणी ओलांडलं, तो मागचं घर विसरला. तुमची भीती पाण्याची नाही, अमादेओ. आपण विसरू आणि विसरले जाऊ, याची आहे." अमादेओ ढसाढसा रडला. त्या दिवशी जाताना त्यानं नोएमीचे दोन्ही हात हातात घेतले. बोटीत मात्र तो त्यानंतरही चढला नाही.

सिल्विनाचं लग्न ठरलं त्या सुमाराची गोष्ट. तो कोचावर आडवा होता, नोएमी नेहमीप्रमाणे त्याच्या डोक्यामागच्या खुर्चीत.

"बाई, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा."

"माझ्या मेहुण्याच्या शेजारणीला लिफ्टची भीती होती. ती म्हणे इथल्याच, पलीकडच्या खोलीतल्या बाईंनी घालवली. थोड्याच महिन्यांत. म्हणजे, मी तुम्हाला सोडतो असं नाही... पण जरा त्यांच्याकडेही जाऊन पाहू का? लग्नाआधी?"

नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून तेल्माचं गडगडाटी हसू ऐकू आलं, आणि तिच्या पेशंटचंही.  नोएमीनं आवाज शांत ठेवला.

"तुमचे वडील एक घर सोडून दुसऱ्या घरी गेले. आता तुम्ही एक खोली सोडून दुसऱ्या खोलीत जायचं म्हणताय. नेमकं कुणाला सोडायचंय तुम्हाला?"

अमादेओ छताकडे पाहत राहिला. "असंही असेल," तो म्हणाला. "माझ्या ध्यानात नाही आलं." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

संध्याकाळी नोएमीनं नाव न घेता हे नवऱ्याला सांगितलं. साउल शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. तो कांदा चिरत होता.

"वाक्य झकास आहे," तो म्हणाला. "पण गेला असता तो तिच्याकडे, तर बिघडलं काय असतं?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"बरं बाई, नाही कळायचं. अंडी दे तेवढी."

लग्न अमादेओशिवाय झालं. त्याची बायको नेली एकटी गेली, फोटो घेऊन आली. पुढं नात झाली, कामिला. नेली बाळंतपणाला गेली ती बरेच महिने राहिली. परत आली, पुन्हा गेली. दोघांचं भांडण असं कधी झालं नाही. ती फक्त तिकडे जास्त आणि इकडे कमी राहू लागली, आणि मग इकडे येणं पाहुणीसारखं झालं. अमादेओ हे सगळं कोचावर पडून सांगत राहिला आणि नोएमी ऐकत राहिली. एक दिवस त्याचा फोन आला. "सध्या थांबतो, बाई. थकलोय." नोएमी म्हणाली, दार उघडं आहे. तो परत आला नाही. पेशंट असे जातात. नोएमीनंही फार मनाला लावून घेतलं नाही.

वर्षं गेली. जानेवारीतल्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका उकाड्याच्या दुपारी नोएमी आणि साउल बाजारातून घरी आले. तलखीनं शहरातली वीज आठवडाभर येत-जात होती. साउलच्या हातात भलंमोठं कलिंगड होतं. लिफ्टपाशी तो थबकला.

"थोडं थांबू या का खाली? वीज सारखी जातेय."

"कलिंगड घेऊन सात मजले कोण चढणार? चल रे."

पाचव्या मजल्यापुढं लिफ्ट थांबली आणि अंधार झाला. नोएमी हसली, "बोललास आणि झालं." साउल म्हणाला, "जरा बसतो मी." मग तो बोललाच नाही. नोएमीनं लोखंडी जाळीवर हात आपटले, ओरडली, शेजारचे धावले, कुणी जाळी उघडायची खटपट केली. वीज आली, दिवा लागला, तेव्हा साउल कोपऱ्यात टेकून बसला होता, कलिंगड मांडीवर, एक हात त्याच्यावर ठेवलेला. डॉक्टर पुढं म्हणाले की हृदय असं बंद पडलं होतं की इस्पितळाच्या दारात असता तरी काही करता आलं नसतं. नोएमीला ते ऐकू आलं आणि ऐकू आलंही नाही.

त्यानंतर तिला लिफ्टमध्ये पाय टाकता येईना. घरी सात मजले, कामावर तीन. ती जिने चढू लागली. कुणी विचारलं की म्हणायची, हृदयाला चांगलं असतं. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे कुरकुरत होते. आठवड्याचा बाजार तिनं जेमतेम एका पिशवीवर आणला. बाहेर जाणं कमी झालं, मैत्रिणींकडे जाणं थांबलं, कारण मैत्रिणी वरच्या मजल्यांवर राहायच्या.

ती आपल्या म्हाताऱ्या गुरूकडे जाऊन पुन्हा कोचावर पडली. कित्येक महिने बोलली. तिला कळायचं काही राहिलं नव्हतं. 'चल रे' म्हणणारी तीच, म्हणून ती स्वतःला जिने चढायची शिक्षा देत होती. लिफ्टमध्ये न जाणं म्हणजे साउलला तिथं एकट्याला सोडून न जाणं, हेही तिलाच सापडलं. गुरू म्हणाले, फार खोल बोललीस. नोएमी उठली, डोळे पुसले, आणि गुरूंच्या घरून सहा मजले जिना उतरून खाली आली.

एका सकाळी फ्रॉइडवाडीतल्या त्या जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, तिचा गुडघा धरला. ती पायरीवर बसली. तिचं कण्हणं ऐकून वरून तेल्मा उतरत आली. इतक्या वर्षांत दोघी एकमेकींशी थेट बोलल्या त्या साउल गेला तेव्हाच, आणि तेव्हाही दोनच शब्द. तेल्मा आता काठी घेऊन चालायची.

"लिफ्ट चालू आहे, बारके," ती म्हणाली.

"माहितीय. व्यायाम करतेय."

"हो ना. बसून?"

नोएमीला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. तेल्मा काठी भिंतीला टेकवून, कठड्याला धरत, धापा टाकत तिच्या शेजारी बसली. 

"सगळं कळतंय गं, जाडे," नोएमी शेवटी म्हणाली. "कळायचं काही बाकी नाही."

तेल्माला यावर बरंच काही बोलता आलं असतं. सभेतलं ते जुनं वाक्य तिच्या ओठावर आलेलं नोएमीला दिसलंसुद्धा. पण ती म्हणाली, "मी तुला पेशंट म्हणून घेणार नाही. मैत्रिणीवर उपचार करू नयेत, तेवढा नियम मीही पाळते. पण मैत्रिणीबरोबर लिफ्टसमोर उभं राहायला कुणाची मनाई नाही. उद्या येतेस?"

दुसऱ्या दिवसापासून दोन म्हाताऱ्या बायका लिफ्टचं दार उघडं धरून नुसत्या समोर उभ्या राहू लागल्या. नोएमीचे तळहात घामानं थबथबायचे. घाम सुकेपर्यंत हलायचं नाही, एवढीच तेल्माची अट.

"काही हरवलंय का, बाई?" बाल्बिनोनं विचारलं.

"हो, हिची अक्कल," तेल्मा म्हणाली. "सापडली की सांगू."

मग आत पाऊल, दार उघडंच. मग दार बंद, पण लिफ्ट जागेवर. पहिल्यांदा एक मजला वर गेल्या त्या दिवशी नोएमीनं तेल्माला अशा शिव्या दिल्या की वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर बाहेर डोकावला. "ओरड हवं तेवढं," तेल्मा म्हणाली, "पण पाय आतच ठेव." एकदा तर मधेच पळ काढून नोएमी आठवडाभर फिरकली नाही. तेल्मानं निरोप पाठवला नाही. आठवड्यानं नोएमी आपणहून आली.

उभ्या उभ्या बोलणं व्हायचंच. बंद लिफ्टमध्ये, भिंतीला पाठ लावून, नोएमीनं कलिंगडाची हकीकत सांगितली. "त्यानं थांबू या म्हटलं होतं गं." तेल्मानं बटणावरचं बोट काढलं आणि दुसऱ्या मजल्यावरून कुणी लिफ्ट बोलवून घंटा वाजवत होतं तरी ती तशीच ऐकत उभी राहिली.

एकदा तेल्माच म्हणाली, "माझ्याकडे एक मुलगी यायची. हात धुण्याचं वेड. कातडं सोलवटून जायचं. मी ते थांबवलं. छान थांबवलं. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, आता या रिकाम्या हातांचं काय करू? मला वाटलं, गंमत करतेय. मी म्हटलं, पियानो शिक." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "ती तुझ्याकडे पाठवायची केस होती, नोएमी. मला तेव्हाच कळलं होतं. पण तुझ्या दारावर टकटक करायची म्हणजे..."

"कुठं असते ती आता?"

"कोण जाणे. फोन बदलला तिनं."

आणखी काही आठवड्यांनी नोएमी आपल्या घरच्या लिफ्टमध्ये एकटी चढली. पाचव्या मजल्यापाशी तिनं डोळे मिटले नाहीत. तेल्मानं तसं बजावलं होतं. छाती धडधडली, आणि मग ती धडधड हळूहळू ओसरली. सातव्यावर दार उघडलं. हातात दोन जड पिशव्या, समोर घराचं दार. आनंद व्हायला हवा होता. ती मात्र तिथंच पिशव्या घेऊन उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, एवढंच होतं? एवढ्यासाठी त्या माणसाला लेकीचं लग्न चुकवावं लागलं?

त्या रात्री तिला झोप आली नाही. बोएदोला जायला मात्र तिनं आणखी बरेच दिवस लावले. निघण्याआधी तिनं नाव न घेता तेल्माला सगळं सांगितलं.

दुकान तेच होतं. अमादेओ वाकला होता, केस पार पांढरे. त्यानं तिला लगेच ओळखलं, स्टूल पुढं केलं.

"बाई! चष्मा करायचाय?"

"नाही. बोलायचंय."

"म्हणजे आता मी ऐकायचं?" तो हसला.

नोएमीनं आडवळण घेतलं नाही. "तुम्ही एकदा मला पलीकडच्या बाईंबद्दल विचारलं होतंत. मी तुम्हाला पाठवायला हवं होतं. मी पाठवलं नाही."

अमादेओनं हातातली चष्म्याची चौकट खाली ठेवली. "मला आठवतं. तुम्ही वडिलांचं बोलला होतात." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? की तिथं जमलं असतं?"

"वाटत होतं, जमेल म्हणून. पण आमचं भांडण होतं. तुम्ही तिच्याकडे गेलात आणि बरे झालात, तर मला ते सोसलं नसतं."

 अमादेओच्या चेहऱ्यावरचा मऊपणा गेला.

"मग आज कशाला आलात? माझ्यासाठी, की स्वतःसाठी?"

"बहुतेक स्वतःसाठी."

"निदान खरं बोललात." त्यानं फडक्यानं काच पुसायला घेतली, पुन्हा पुन्हा तीच काच. "मी रागावलोय, बाई. तुमच्यासमोर कधी रागावलो नव्हतो, म्हणून सांगतो. लग्नाच्या दिवशी मी दुकान उघडं ठेवलं होतं. दिवसभर. एक गिऱ्हाईक आलं नाही."

त्यानं ती काच खाली ठेवून दुसरी उचलली. 

"ते वडिलांचं तुम्ही सांगितलंत ते खरं होतं," तो म्हणाला. "जेनोआतल्या त्या भावाचा मी शोध घेतला. वारला होता तो, पण त्याच्या मुलाशी बोलतो मी. ते तुमच्यामुळे. तेही तितकंच खरं."

"तेल्मा अजून काम करते. नाव न घेता मी तिला तुमच्याबद्दल सांगितलंय. ती तुम्हाला घेईल. अजूनही होईल ते."

"नको." हे तो इतक्या सहज म्हणाला की नोएमीला प्रथम नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "नेलीचं तिकडं बस्तान बसलंय. तिच्या मैत्रिणी, तिचा बाजार. मी गेलो तर कुठं बसवायचं असं होईल मला. कामिला मोठी झाली, सुटीत तीच येते, दोन दिवस राहते, पंखा लावून झोपते. पूर्वी मी धक्क्यावर जाऊन उभा राहायचो, जमतं का बघायला. आता जातही नाही. जावंसंच वाटत नाही, बाई. खरंच."

गिऱ्हाईक आलं, एक बाई, शाळकरी मुलीला घेऊन. अमादेओ उठला. नोएमीला दारापर्यंत पोचवताना म्हणाला, "गुडघा दुखतो वाटतं. जपा." आणि आत वळून त्यानं त्या मुलीला आरशासमोर बसवलं.

नोएमी परतली तेव्हा तेल्मा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून येर्बाच्या तुंब्यात गरम पाणी ओतत होती. तिनं पहिला घोट घेऊन तुंबा पुढं केला.

"येतोय का तो? पुढच्या आठवड्यात माझी सकाळ रिकामी आहे."

"नाही येणार."

"मी बोलू का त्याच्याशी? घाबरत असेल. सुरुवातीला सगळेच घाबरतात."

"भीती आहेच त्याची अजून. पण जायची इच्छाच गेली गं, जाडे. वाट बघून बघून गेली." नोएमीनं तुंबा हातात धरून ठेवला, ओढला नाही. "त्यावर आहे का काही तुझ्याकडे?"

तेल्मानं विचार केला. उगीच धीर द्यायची तिला सवय नव्हती.

"नाही. तुझ्याकडे?"

"माझ्याकडेही नाही."

खालून बेल वाजली. तेल्माचा पेशंट आला होता. ती काठी घेऊन उठली, नोएमीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि दार उघडायला गेली. नोएमी हातातला चहा गार होईपर्यंत तिथंच बसून राहिली.